आधी पडायला शिकवा

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, पण तिची झांकी काही थांबली नाही. झांक्यांसोबत आखाडे चालतात आणि सात-आठ वर्षांची पोरं लाठी-बनेटी फिरवतात. ते पाहून शिकलेले आईबाप हमखास म्हणतात, "एवढ्याशा हातात काठी? उद्या शाळेत डोकी फोडतील."

फोडतीलही, वस्तादानं नुसती जिंकायची चटक लावली तर. एरवी काठी स्वतःच शहाणपण शिकवते. चुकली की आधी आपल्याच नडगीवर बसते.

दुसरा आक्षेप जुन्या वस्तादांचा: लहानांचा वर्ग म्हणजे पोरखेळ, खरी विद्या मिसरूड फुटल्यावर. हे इतिहासाला धरून नाही. जपानच्या ओकिनावात कराटेगुरू अंको इतोसूंनी 1901 च्या सुमारास कराटे शाळेत नेलं आणि पुढे मुलांसाठी सोपे 'पिनान' काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, बसवले. आज ज्याला आपण कराटे म्हणतो, त्याची घडण बरीचशी त्या शाळेतली आहे. मग पोरखेळ कुणाला म्हणायचं?

खेळ हवाच. सहा वर्षांचं पोर पाऊण तास रांगेत ठोसे मारत उभं राहत नसेल, तर खोट शिकवणाऱ्यात आहे. कमरेला रुमाल खोचा आणि एकमेकांचे पळवायला सांगा. अंतर राखणं, पाय हलवणं, बगल देणं, सगळं न सांगता येतं. रंगीत पट्ट्यांवरही माझा राग नाही. लहानांना जवळचा टप्पा लागतो. पण आईबापांना दर तिमाहीला नवा रंग हवा म्हणून परीक्षा घेणं ही दुकानदारी झाली.

पट्ट्याआधी पडणं. हनुवटी छातीला, तळहात टेकायचा नाही, खांद्यावरून लोळण. माझ्या भाच्याचा पहिला महिना यातच गेला. बहीण वैतागली, "पडायची फी भरतेय का मी?" म्हटलं, "हो, त्याचीच." मार खाण्याची भीती गेल्याशिवाय पुढचा एकही डाव नीट बसत नाही.

एक थाप मात्र बंद व्हावी: 'स्वसंरक्षण'. सहा वर्षांची मुलगी धिप्पाड माणसाला लोळवणार नाही, आणि 'लोळवशील' असं तिला सांगणारा तिला धोक्यात घालतो. तिनं ओरडायचं, हात हिसडून पळायचं, घरी सांगायचं. हे ओरडणंही बेंबीच्या देठापासून, लाज न बाळगता, रोज वर्गात घ्यावं लागतं. शेजारी तक्रार करतात. करोत.