स्टेशनमास्तरविना स्थानक

कुर्डुवाडीहून बार्शीकडे आणि पंढरपूरकडे जाणारे लोहमार्ग मुळात एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचे असून, १८९७ मध्ये सुरू झालेली ही ७६२ मिलिमीटर मापाची रेल्वे १९५४ मध्ये सरकारजमा झाली आणि पुढे तिचे रूळही रुंद झाले. तथापि अशा ग्रामीण मार्गांवरचा ‘हॉल्ट’, म्हणजे सिग्नल नसलेले, क्रॉसिंगसाठी जादा रूळ नसलेले आणि रेल्वेचा पगारी नोकरही नसलेले स्थानक, अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटतो. गाडीला पुढची वाट देण्याचा अधिकार दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्थानकांकडे असतो, तर तिकिटे विकतो तो कमिशनवर नेमलेला एजंट, जो ती मोठ्या स्थानकातून आधीच आणून ठेवतो आणि गाडीच्या वेळेपुरती खिडकी उघडतो (गाडी रखडली, तर त्याच्या खोळंब्याचे मोल कोणी देत नाही). जपानमध्ये जवळपास निम्मी स्थानके कर्मचारीविरहित आहेत, आणि तेथील खेड्यांतल्या एकचालकी गाड्यांत प्रवासी दाराजवळच्या यंत्रातून चढल्या ठिकाणचा क्रमांक छापलेली चिठ्ठी घेतो व उतरताना ती भाड्यासह चालकाशेजारच्या पेटीत टाकतो. तिकडच्या रिकाम्या फलाटांमागे मुख्यतः ओसरती लोकवस्ती आहे. इकडे मात्र गाव भरलेले असूनही तिकिटांचे उत्पन्न स्टेशनमास्तराच्या पगारालाही पुरत नाही.