नाव लपवणारा नायक

प्रेमकथांना नाके मुरडणाऱ्या विद्वानांचा आणि माझा पंथ वेगळा आहे, हे आधीच सांगून टाकते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, शाळेत मुलींना शिवण शिकवणारी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी बाई. माझ्याही कादंबऱ्यांत प्रेम असते, रुसवे असतात, आणि शेवटी दोघांचे जमतेही. तेव्हा प्रेमकथेशी माझे वैर नाही. माझे भांडण आहे ते तिच्या घरात पाहुणा म्हणून येऊन मालक होऊन बसलेल्या एका इसमाशी. हा इसम म्हणजे नाव लपवणारा नायक.

हल्ली त्याचे फार पेव फुटले आहे. कथा साधारण अशी असते: एका इमारतीत शेजारी शेजारी दोन पुस्तकवेडी माणसे राहतात. तिच्याकडे भिंतभर पुस्तके, त्याच्याकडे जमीनभर. जिन्यात गाठ पडली की एखाद्या लेखकावरून दोघांचे कडाक्याचे भांडण होते. इकडे ती रात्री मोबाइलवर कोणा टोपणनावाच्या गृहस्थाला भरभरून लिहीत असते. तो गृहस्थ म्हणजे भिंतीपलीकडचा शेजारीच, हे वाचकाला तिसऱ्या प्रकरणात कळते, नायकाला पाचव्यात, आणि तिला मात्र शेवटून दुसऱ्या पानावर. मग ती एक परिच्छेदभर रागावते आणि पुढल्या परिच्छेदात त्याच्या खांद्यावर मान टाकते. समाप्त!

वाचकहो, पाचव्या प्रकरणापासून शेवटून दुसऱ्या पानापर्यंतचा जो मधला काळ आहे, त्यासाठी हा सारा लेखनप्रपंच. त्या काळात त्याला सर्व ठाऊक असते आणि तिला काहीच नसते. तिने रात्री लिहिलेले दुःख तो सकाळी जिन्यात वापरतो. तिला कोणती फुले आवडतात, आईच्या आठवणीने ती केव्हा हळवी होते, हे सगळे त्याच्या खिशात तयार असते. बिचारी म्हणते, ‘किती समजूतदार शेजारी!’ अहो, परीक्षेचा पेपर आदल्या रात्रीच हाती लागलेला विद्यार्थी पहिला आला, तर त्याचा सत्कार करायचा की त्याला वर्गाबाहेर काढायचे? शाळेत याचे उत्तर एकच असते. कादंबरीत मात्र आपण त्याच्या गळ्यात वरमाला घालतो.

या कथेचे घराणे लहान नाही. मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराच्या १९३७ सालच्या नाटकावरून अर्न्स्ट लुबिच यांनी १९४० साली ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा चित्रपट काढला. बुडापेस्टच्या एका दुकानातली दोन माणसे दिवसभर एकमेकांवर खेकसतात आणि अनोळखी म्हणून एकमेकांनाच सुंदर पत्रे लिहितात. तिथेही नायकालाच आधी कळते आणि तोच गप्प राहतो. पण निदान दोघेही पगारी नोकर, एकाच मालकाला भिणारे. पुढे १९९८ साली नोरा एफ्रन यांनी हीच गोष्ट न्यूयॉर्कला नेली आणि ‘यूव्ह गॉट मेल’ हा चित्रपट केला. इथे तर दोघांचा धंदाच पुस्तकांचा, आणि राहणे एकाच वस्तीत. तिचे आईकडून आलेले मुलांच्या पुस्तकांचे छोटे दुकान. तो जवळच अवाढव्य पुस्तकभांडार उघडणाऱ्या घराण्यातला. पहिल्या भेटीत तो आपले आडनावही सांगत नाही. पत्रातली मैत्रीण हीच, हे कळल्यावरही तो तोंड मिटून बसतो. तिचे दुकान बंद पडते. ती आजारी पडली की तो फुले घेऊन समाचाराला येतो, आणि पत्रातल्या त्या अज्ञात मित्राविषयी तिच्याशीच गप्पा मारतो! शेवटी बागेत सत्य समोर येते, तेव्हा ती रडते, आणि तो तूच असावास अशीच माझी इच्छा होती, अशा अर्थाचे बोलते.

चित्रपट गोड आहे, नट गुणी आहेत. पण गोडी बाजूला ठेवून हिशेब पाहा. तिने काय गमावले? आईचे दुकान. त्याने काय गमावले? काहीही नाही. ज्या खेळात एकाचे पत्ते उघडे आणि दुसऱ्याचे झाकलेले, त्याला आपल्या घरी लहान मुलेसुद्धा रडीचा डाव म्हणतात.

इथे कोणी म्हणेल, ‘बाई, मग ‘सौभद्र’ही मोडीत काढणार का? तिथे अर्जुन संन्यासी होऊनच येतो की!’ हा प्रश्न मला मनापासून आवडतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले आणि अजून लोकांना हवेसे वाटते. पण अर्जुनाची ती भगवी वस्त्रे कोणाला फसवण्यासाठी आहेत, ते पाहा. सुभद्रेचे मन त्याच्यावर आधीच जडलेले आहे. बलराम तिला दुर्योधनाच्या गळ्यात बांधू पाहतो, त्याच्या हट्टापुढे काढलेली ती पळवाट आहे. सोंग थोराविरुद्ध आहे, आणि त्याचा लाभ तिलाही होतो. खाडिलकरांच्या १९११ सालच्या ‘मानापमाना’त तर श्रीमंतीच्या तोऱ्यातली भामिनी गरीब वनमाला होते. म्हणजे सोंग घेणारी व्यक्ती वरून खाली उतरते, आणि ज्या गरिबीला तिने हिणवले तीच अंगावर घेते. आमच्या जुन्या नाटककारांनाही वेषांतराची मौज हवी होती. पण सोंगाचा भार कोणाच्या खांद्यावर टाकायचा, याचे भान त्यांना होते.

नाव लपवणे हेच मुळी पाप, असेही माझे म्हणणे नाही. तसे म्हणणारी मी कृतघ्न ठरेन. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने निघाला. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातले कोंडलेले त्यात लिहिले होते. केवढा गहजब झाला! ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. मालतीबाई बेडेकरांनी ते टोपणनाव घेतले नसते, तर ते बोल बहुधा मनातच राहिले असते. दुबळ्याने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला तो आडोसा होता. घरात लपलेले माणूस आणि दुसऱ्याच्या खिडकीत डोकावण्यासाठी लपलेले माणूस, ही दोन्ही लपलेलीच. पण त्यांना एका मापाने मोजणारा न्यायाधीश मला तरी नको.

आडोसा केव्हा सोडावा, याचाही धडा आहे. ब्राँटे भगिनी ‘बेल’ या पुरुषी वाटणाऱ्या नावांनी लिहीत. हे सारे बेल म्हणजे एकच लेखक, असा गैरसमज पसरला आणि त्यांच्या एका प्रकाशकाच्या मनात शंका आली. तेव्हा १८४८ च्या जुलैत शार्लट आणि ॲन या दोघी बहिणींनी रात्रीची आगगाडी पकडून लंडन गाठले आणि त्याच्यापुढे उभ्या राहून आपण कोण ते सांगितले. त्यांना कोणी पकडले नव्हते. आपल्या मौनामुळे विश्वास ठेवणाऱ्या माणसाची अडचण होते आहे, एवढे कळले आणि त्या निघाल्या. दोन संकोची मुलींना जे जमले, ते आमच्या सहा फुटी नायकाला भिंतीपलीकडे जाऊन जमू नये?

‘दिवाळीच्या दिवसांत एवढे गंभीर कशाला? गोष्टच ती!’ असे म्हणणाऱ्यांना मी माझ्या शिवणाच्या तासाला बोलावते. मुलींचे हात टाके घालण्यात गुंतलेले असतात, पण तोंडे मोकळी असतात. या कथा त्या मोबाइलवर हप्त्याहप्त्याने वाचतात. ‘तिला न कळता तो तिच्यावर लक्ष ठेवून होता, किती छान ना बाई!’ हे मी पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकते, तेव्हा माझ्या बोटात सुई टोचते. हीच मुलगी उद्या कोणा बिनचेहऱ्याच्या नावाशी बोलू लागेल. तो तिचे सगळे विचारून घेईल, स्वतःचे काही सांगणार नाही, आणि याला प्रेम म्हणतात हे तिला आमच्याच पुस्तकांनी शिकवलेले असेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी प्रमाणे मोबाइल वा संगणकाच्या साह्याने बतावणी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा फसवणूक झाल्यावर येतो. गोष्ट त्याच्या आधी मनात शिरलेली असते.

आता माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. तुमचा नायक नाव लपवून आला, तर खुशाल येऊ द्या. पण ज्या दिवशी त्याला कळेल, त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, त्याला तिच्या दाराची घंटा वाजवायला लावा. हातात फुले नकोत. त्याने म्हणावे, ‘तुम्ही रात्री ज्याला लिहिता, तो मीच.’ तुम्हाला भीती वाटते की मग कथा संपेल. मी कादंबरी लिहिणारी आहे, म्हणून सांगते, कथा तिथेच सुरू होते. ती दार लावून घेईल काय? आपली जुनी पत्रे परत मागेल काय? महिनाभर जिन्यात मान फिरवून जाईल काय? गमावण्याची भीती असताना बोललेल्या खऱ्यात जेवढे नाट्य आहे, तेवढे दोनशे पाने ताणलेल्या खोट्यात नाही. उगाच ताणलेला दोरा तुटतो आणि शिवण उसवते, हे माझ्या सातवीतल्या मुलींनाही माहीत आहे.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. फराळाचे ताट शेजारी ठेवून या अंकातली किंवा दुसऱ्या अंकातली एखादी अशी कथा तुम्ही वाचाल. शेवटून दुसऱ्या पानावर ती रागावेल. त्या वेळी चटकन पान उलटू नका. जरा थांबून तिला विचारा, ‘बाई गं, तुला खरेच इतक्या लवकर क्षमा करायची आहे का?’ घरातल्या मुलींनाही तोच प्रश्न मोठ्याने विचारा. त्यांची उत्तरे ऐका. मग कोणत्या कथा लिहायच्या, हे आम्हा लेखकांना त्यांच्याकडूनच कळेल.