मिश्रसंगीताचा विटाळ कोणास?

तुकोबांची पालखी आषाढी वारीत बारामती व इंदापूर ह्या दोन्ही गावी मुक्काम करते, वाटेत बेलवाडीस गोल रिंगण होते, आणि टाळ-पखावजाचा घोष कानी पडला नाही असे घर ह्या वाटेवर विरळाच. ह्या परंपरेचा आम्हांसही अभिमान आहे. परंतु त्या अभिमानाच्या आडून हल्ली सुशिक्षित घरांतूनच एक मत मोठ्या आवेशाने मांडले जाते, त्याचा समाचार घेणे अवश्य झाले आहे. ते मत असे की, गिटारीच्या साथीने राग गाणारे ‘फ्यूजन’ हा संगीतास झालेला विटाळ असून, चांगल्या घरच्या मुलांनी त्या वाटेस जाऊ नये.

ह्या सोवळेकऱ्यांना आम्ही प्रथम त्यांच्याच गावचा इतिहास विचारतो. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीस राहून मोरोपंतांनी (1729–1794) ज्या आर्या रचल्या, त्या गावोगाव कोणी नेल्या? सोलापूरच्या रामजोशांनी. हे गृहस्थ डफ-तुणतुण्यावर लावणी गाणारे तमासगीर! पुढे ते कीर्तनास उभे राहिले, आणि पंतांची संस्कृतप्रचुर आर्या तमाशात कसलेल्या गळ्यातून बहुजनांच्या कानी गेली. हे मिश्रण नव्हे तर काय? 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हाही कीर्तनाच्या, लावणीच्या व कर्नाटकी चाली एकाच नाटकात नांदल्याच. आज प्रत्येक भजनी मंडळात मानाने बसलेली बाजाची पेटी मूळची युरोपातली. तिला आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत बंदी केली होती. बंदी उठली, पेटी राहिली, आणि भजन काही बाटले नाही.

आता वर्तमानातील उदाहरण घेऊ. श्री. शंकर महादेवन ह्यांचा जन्म 1967 साली मुंबईस, चेंबूर येथे, तमिळ कुटुंबात झाला. बालवयात त्यांनी वीणा हाती घेतली, कर्नाटक पद्धतीचे गायन ते शिकले, आणि आमचे श्रीनिवास खळे ह्यांच्यापाशीही त्यांनी स्वराचे धडे घेतले. संगणकक्षेत्रातील नोकरी सोडून ते गाण्याकडे वळले, 1998 च्या ‘ब्रेथलेस’ने त्यांचे नाव घरोघर झाले, चित्रपटांतील पार्श्वगायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले. जॉन मॅक्लॉफ्लिन ह्यांची गिटार आणि झाकिर हुसेन ह्यांचा तबला ज्या ‘शक्ती’ मेळात एकत्र आले, त्याचे ते गायक झाले. त्या मेळाच्या ‘धिस मोमेंट’ ह्या 2023 च्या ध्वनिमुद्रिकेस 2024 साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. हेच गृहस्थ 2015 च्या ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटात पंडितजी म्हणून उभे राहिले. त्याच चित्रपटाच्या संगीतात जितेंद्र अभिषेकींच्या जुन्या नाट्यपदांशेजारी त्यांच्या त्रयीने नव्या चाली बसविल्या, आणि जुन्यास कोठेही धक्का लागला नाही. ज्यांस हा विटाळ वाटतो, त्यांनी कोणता स्वर बाटला ते दाखवून द्यावे!

प्रतिपक्ष म्हणेल, सर्वच असे नसतात. पुष्कळ ठिकाणी गोंगाटच ऐकू येतो, आणि अभंगाचे शब्द ढोलाखाली चिरडले जातात. हे आम्हांस मान्य आहे. परंतु तो दोष अभ्यासाच्या अभावाचा आहे, मिश्रणाचा नव्हे. बेसूर भजन काय कमी ऐकू येते? त्यावरून भजन वर्ज्य करा, असे कोणी म्हणत नाही.

ह्याच ठिकाणी आमचा दुसरा वाद सुरू होतो, आणि तो नव्या उमेदवारांशी आहे. दूरचित्रवाणीवरील स्पर्धा पाहून वर्षभरात बँड उभारू पाहणारे तरुण श्री. महादेवन ह्यांचे नाव घेतात. त्यांची वीणा, त्यांचे कर्नाटक शिक्षण, खळे ह्यांच्यासारखे गुरू ह्यांचे मात्र त्यांस स्मरण नसते. ज्याच्यापाशी एकही परंपरा पक्की नाही, तो मिसळणार तरी काय? रामजोशांपाशी कसलेली लावणी होती, म्हणूनच आर्येला तिचा उपयोग झाला.

तेव्हा सोवळे पाळणारे व घाई करणारे असे दोन्ही पक्ष एकाच गोष्टीची हानी करीत आहेत, आणि ती गोष्ट म्हणजे शिक्षण. उत्सवात ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारण्यास वर्गणी जमते. पखावज शिकविणाऱ्या वृद्ध वारकऱ्यास मानधन देण्याची वेळ आली की हात आखडतो. आमची मागणी साधी आहे. बारामती-इंदापुरातील प्रत्येक शाळेने आठवड्यास निदान दोन तास गायन-वादनास द्यावेत, आणि त्यासाठी जवळपासच्या भजनी मंडळांतील जाणत्यांस योग्य वेतन देऊन बोलवावे. पाच-सात वर्षे असा स्वर घोटलेली मुले पुढे दिंडीत गावोत, नाटकात गावोत, की गिटारीबरोबर गावोत. त्यांच्या वाटेत आडवे येण्याचा अधिकार कोणासच नाही.