अख्खी खाडी घरी कशाला आणता?

मंडळी, रिपोर्टचा रिफ्रेश रेंगाळला की ठरलेला सल्ला येतो: "मोठा सर्व्हर घ्या!" साफ चूक.

आमच्या भाईंदरच्या खारीत राहणाऱ्याला तरी हे कळायला हवं. खाडीचं पाणी मिठागरातच आटवतात, घरी येतं ते फक्त मीठ. पॉवर बीआयमधलं क्वेरी फोल्डिंग म्हणजे हेच. गाळणं, बेरजा वगैरे कामं मूळ डेटाबेसनेच करायची. मध्येच फोल्ड न होणारी एखादी पायरी घुसवलीत, की पुढचं सगळं गाळणं तुमच्या गळ्यात. कधीकधी तर अख्खं टेबल ओढून आणावं लागतं!

बरं, पाच वर्षांची बिलं रोज नव्याने का आणायची? इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावा, शेवटचे काही दिवसच ताजे करा. २०२० पासून ही सोय प्रो लायसन्सवरही आहे. जुन्या नोंदी दुरुस्त होतात म्हणता? मग दिवस थोडे वाढवा. मात्र फोल्डिंग नसेल तर हाही उपाय जवळजवळ फुकट.

मोठ्या सर्व्हरने नको असलेला माल जरा लवकर येईल, इतकंच. आधी पायऱ्या तपासा, मग पाकीट काढा. बघा पटतंय का!