दोन घाट, दोन गाड्या आणि माझं एक्सेल

ऑफिसात कुणी बाईकचा विषय काढला की दहा मिनिटांत चर्चा एकाच प्रश्नावर येते: मोठी अॅडव्हेंचर टूरर घ्यायची तर वळणावर सगळ्यात भारी कुठली? गेलं वर्षभर मीही ह्याच प्रश्नात अडकलो होतो. वीस लाखांच्या वरची गाडी, पाच वर्षांचे हप्ते आणि बायकोला दाखवायला तयार ठेवलेलं एक्सेल. त्या एक्सेलचं काय झालं ते शेवटी सांगतो.

झालं असं की, दिवाळीत शहाद्याला घरी जाताना पुण्याचा एक मित्र सोबत आला. त्याची बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस, माझी हिमालयन ४११. पेट्रोलसकट त्याची २४९ किलो, माझी १९९. म्हटलं, घरी आलोच आहोत तर तोरणमाळला जाऊ आणि गाड्या आलटून पालटून चालवू.

म्हसावद सोडून रस्ता सातपुड्यात शिरला की सातपायरी घाट लागतो. एकावर एक रचलेली वळणं, कडेला खडी, समोरून कधी जीप तर कधी एसटी. पहिल्या तीन वळणांत माझा सगळा अहंकार उतरला. जीएस सरळ रस्त्यावर लोण्यासारखी जाते, पण चालण्याच्या वेगाने हँडल पूर्ण वळवून डावीकडचं आखूड वळण घ्यायचं म्हणजे ती प्रत्येक किलोचा हिशोब मागते.

चौथ्या वळणावर वरून एसटी आली. तिचं ते उजवं वळण. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून वळतात, आणि तिची आतली बाजू म्हणजे नेमकी माझी लेन. मी दचकून पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं, पाय खडीवर. गाडी शांतपणे डाव्या कुशीवर झोपली. वेग जवळपास शून्य, त्यामुळे खरचटलं तेवढंच. कॉर्नरिंग एबीएस बिचारं काय करणार? चाक लॉक झालंच नव्हतं, गाडी पेलायला माझे पाय कमी पडले. मागून स्प्लेंडरवर तिघं येत होते. त्यांनीच उतरून हात लावला. एक काका म्हणाले, "भो, एवढं वजन कशाला घेऊन फिरतो?" उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परतताना विसरवाडीहून कोंडाईबारी घाट चढून साक्रीमार्गे धुळ्याला निघालो. इथे चित्र पार उलटं. हायवेची मोठी, लांबट वळणं. जीएस रुळावर असल्यासारखी गेली. वळणात मध्येच खड्डा आला तरी रेघ सोडली नाही. माझी हिमालयन त्याच वेगात पुढून हलकी वाटायची. तिचं २१ इंची अरुंद चाक कच्च्या रस्त्यासाठी आहे, जीएसचं १९ इंची रुंद चाक डांबरावर जास्त खात्री देतं.

घरी आल्यावर आकडेमोड केली. इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवली त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा! झुकण्याच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले गुरुत्वीय त्वरण. दहा मीटर त्रिज्येचं वळण ताशी २० किमीने घेतलं तर झुकाव साधारण १८ अंश. दीडशे मीटर त्रिज्येचं वळण ताशी ८० ने घेतलं तरी जवळपास तेवढाच! आणि सूत्रात वजन कुठेच नाही.

म्हणजे झुकाव सारखाच, तरी एका घाटात एक गाडी जिंकली आणि दुसऱ्यात दुसरी. कारण वेगात फिरती चाकं आणि गाडीची भूमिती तोल सांभाळतात. वीसच्या खाली आलात की तो भार क्लच, मागचा ब्रेक, नजर आणि पाय ह्यांच्यावर येतो. वजन सूत्रात नसतं, ते तुमच्या गुडघ्यांत असतं.

म्हणून माझं मत असं की 'कॉर्नरिंगला भारी कुठली' हा प्रश्नच अर्धवट आहे. परदेशी व्हिडिओंतली तुलना बहुतेक वेळा स्वच्छ डांबरावरची असते. आपल्या घाटात चांगली हँडलिंग म्हणजे वळणात अर्ध्यावर असताना समोर काहीतरी आलं तर रेघ बदलता येणं, आणि थांबावं लागलं तर उभं राहता येणं. किती अंश झुकलात ते नंतर. मोठ्या गाड्या वाईट नाहीत. वर्षातून दोनदा हजार-हजार किलोमीटर हायवे तोडणाऱ्याने जरूर घ्यावी. पण तोरणमाळ, देवगोई असल्या घाटांसाठी दोनशे किलोच्या आतली गाडी घेणाऱ्याने कमीपणा मानू नये. ती तडजोड नाही, तो बरोबर निवडलेला स्पेक आहे.

असो. एक्सेल डिलीट केलं नाही, पण त्यातला गाडीचा रकाना रिकामा केलाय. त्याजागी दोन नोंदी आल्या: नवे टायर आणि रायडिंग स्कूलचा एक वीकेंड. बायकोला बेरीज दाखवली. ती म्हणाली, "एवढंच? मग आधी का नाही सांगितलंस?"

आता तिला काय सांगू, त्यासाठी आधी गाडी पाडावी लागली म्हणून!