चंद्र जवळ आला, ऑपरेशन लांबलं

५ नोव्हेंबर २०२५ ला त्रिपुरी पौर्णिमा होती आणि चंद्र पृथ्वीपासून साधारण ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर होता. एरवीचं सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार. झालं! 'सुपरमून' म्हणून राशीवार इशारे फिरायला लागले. कर्केवाल्यांनी गाडी जपून चालवा, वृश्चिकवाल्यांनी मोठे निर्णय टाळा... आमच्या शनिवार पेठेतल्या एका आजींनी तेवढ्यावरून मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं. आता हसावं की रडावं?

मुळात 'सुपरमून' हा शब्द आपल्या पोथ्यांतला नाहीच. रिचर्ड नोल या अमेरिकन ज्योतिषाने तो १९७९ मध्ये काढला. चंद्राचं जवळ-लांब होणं मात्र पंचांगाला शतकानुशतकं ठाऊक आहे. जवळचा चंद्र भरभर पळतो, म्हणून तिथी २० तासांतही आटोपते. लांबचा रेंगाळतो, तेव्हा तीच २६-२७ तास चालते. हे गणित आहे, धमकी नव्हे! पत्रिकेत बघतात ती चंद्राची रास आणि नक्षत्र. त्यात किलोमीटरचा रकाना मी तरी पाहिलेला नाही.

भरती थोडी मोठी येते, हे खरं. पण समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला असतो म्हणून ती येते. साडेपाच फुटी माणसात तो फरक उरतोच किती?

"अहो, पण अनुभव येतो ना!" असं आजी म्हणतात. बरं, अनुभव तपासता येतो. २००८ मध्ये पुण्यातच डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे वगैरे मंडळींनी तो तपासला. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. कुठली कोणाची, ते ज्योतिषांनी ओळखायचं. प्रत्येकाला ४० पत्रिका. तयारी ५१ जणांनी दाखवली, उत्तरं २७ जणांनी पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५०च्या आसपास आली असती.

त्याच दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी आमच्या ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या गेल्या. त्यामुळे या पेठेत राहून "जाऊ दे, ज्याची त्याची श्रद्धा" असं म्हणणं मला जड जातं. निरुपद्रवी वाटणारी भीती शेवटी कोणाच्या तरी डोळ्यांवर येतेच.

असो. पणत्या लावू नका असं कोणीच म्हणत नाही. जरूर लावा, चंद्रही डोळे भरून बघा. फक्त ऑपरेशनची तारीख डॉक्टरांना विचारा.