इतिहासाचं वेड लागलेल्या पोरांना काय द्यावं?

नात्यागोत्यात मी 'इतिहासाच्या बाई' म्हणून ओळखली जाते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते बिरुद काही सुटत नाही. त्यामुळे कुणाच्या घरी एखादं पोर गडकिल्ल्यांच्या नादाला लागलं की फोन मला येतो. मागे असाच सांगलीहून भाच्याचा आला. "मावशी, तू हिला समजाव बाई. दहावीचं वर्ष आहे आणि आमच्या बाईसाहेब कादंबरी लिहितायत. महाराणी ताराबाईंवर!"

त्याच्या तक्रारी तीन होत्या. एक, मुलगी नुसत्या कादंबऱ्या वाचते, 'खरा' इतिहास वाचत नाही. दोन, वाचते ते वाचते, वर लिहितेही. तिसरी तक्रार त्याने जरा आवाज खाली आणून सांगितली. "हल्ली इतिहासावर काही लिहायचं म्हणजे भीतीच वाटते गं. कोण कशावरून दुखावेल, काय सांगावं?"

ही कुरकुर मी नात्यातल्या आणखी दोन-तीन घरांत ऐकली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. या वयातल्या मुलांना कादंबऱ्या खुशाल वाचू द्याव्यात आणि लिहूही द्यावं. मात्र पहिलं लिखाण आपल्या गावातल्या, हाताशी असलेल्या गोष्टीवर करवून घ्यावं. कौतुकाचा पाऊस पाडू नये, दटावूही नये. काम द्यावं.

आधी कादंबऱ्यांचं पाहू. इतिहासाच्या वाटेला लागलेल्या आपल्याकडच्या बहुतेकांची सुरुवात 'श्रीमान योगी', 'छावा' नाहीतर 'पानिपत'पासून झालेली असते. 'छावा' १९७९ सालची. २०२५ मध्ये तिच्यावरचा सिनेमा आला, तो पाहून आल्यावर आमच्या नातीने ती मागून घेतली आणि आठवड्यात संपवली. शाळेच्या पुस्तकातलं पान वाचायला हीच पोरं दोन दिवस लावतात! २०२५ मध्येच साताऱ्याच्या ९९व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी 'पानिपत'कार विश्वास पाटलांची निवड झाली, तेव्हा तिच्या आनंदाला पारावार नव्हता. ही गोडी तोडून तिच्या हातात सनावळ्या द्यायच्या, हे मला तरी पटत नाही.

कादंबरी-नाटकं म्हणजे इतिहासाची नासाडी, असं म्हणणाऱ्यांना मी मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांचं नाव सांगते. शास्त्रीबुवा मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले कागद वाचून, निवडून त्यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला घेतला आणि १९२४ साली वारले तोवर तेच करत राहिले. पेशवाईच्या उत्तरकाळाचा अभ्यास त्या खंडांवाचून पुढे सरकत नाही. याच शास्त्रीबुवांनी 'शिवसंभव'सारखी नाटकंही लिहिली. पण नाटक लिहिताना ते नाटककार असत आणि पत्र छापताना पत्रातला शब्द हलू देत नसत. मुलांना शिकवायचा आहे तो एवढाच भेद.

आणि तो पोरांना कळतो बरं का. 'पानिपत' वाचून झालेल्या मुलाला सांगावं, बाबा रे, याच काळातली खरी पत्रंसुद्धा छापलेली आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना ती आपल्या वाईत मिळाली आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्यातून निघाला. त्यातलं एकच पत्र त्याच्यासमोर ठेवावं. भाषा जड जाते, निम्मं कळत नाही. तरीही कुणीतरी २६०-२७० वर्षांपूर्वी घाईघाईने खरोखर लिहिलेला मजकूर आपण वाचतो आहोत, हे कळल्यावर पोर गप्प होतं. माझ्या नोकरीत मी हे पुष्कळदा पाहिलं आहे.

दुसरं उदाहरण वाघनखांचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली, तेव्हा ही नात मुद्दाम माझ्याकडे राहायला आली होती. पाहून झाल्यावर तिने वहीत लिहिलं, 'अफजलखानाचा कोथळा काढणारी हीच ती वाघनखं.' मी विचारलं, "हे तुला कुठून कळलं?" मग आम्ही दोघींनी शोधलं. ती साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफला मिळाली होती, असं पेटीवरच्या मजकुरात आहे. महाराजांनी वापरलेली तीच ही, याची खातरजमा करता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. पोरगी हिरमुसली. पण मग तिनेच विचारलं, "आजी, हा डफ साताऱ्यात करत काय होता?" माझ्या मते तिचा इतिहासाचा अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू झाला.

त्या डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत छापला. पुढे चाळीसेक वर्षांनी त्यातल्या उणिवा दाखवणारा निबंध कुणी लिहिला? नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या विशीतल्या तरुणाने. 'लिहिण्याचं वय नाही' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आमच्या साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस तर त्याहून लहान. १८७० चा जन्म आणि १८८७ च्या सुमारास, विद्यार्थिदशेतच, 'महाराष्ट्र कोकिळ' नावाचं मासिक काढून बसले! १८९४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं चरित्र छापलं.

यातली एक गोष्ट पाहा. राणी पडली १८५८ साली. म्हणजे पारसनीसांचं पुस्तक निघालं तेव्हा त्या घटनेला अवघी ३६ वर्षं झाली होती. ती धामधूम डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून हयात होती. तरुण पारसनीसांनी उचलला तो विषय माणसांच्या आठवणीतून अजून पुसला गेला नव्हता. जरा थांबले असते तर तो हातून गेला असता.

आज आपल्या मुलांसाठी असा विषय कोणता? मला विचाराल तर पत्री सरकार. आजचा सांगली जिल्हा तेव्हा निराळा नव्हता. दक्षिण सातारा म्हणून तो १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे १९४३ ते ४६ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं ते साताऱ्याचं आणि सांगलीचं, दोघांचंही. येडे मच्छिंद्र, कुंडल ही गावं पोरांना एसटीने जाऊन पाहता येतात. गावोगावची न्यायदान मंडळं, तुफान सेना, शेणोलीजवळ लुटलेली आगगाडी, हे सगळं आमच्या आईच्या तोंडून आम्ही भुताच्या गोष्टीसारखं ऐकलं. पण सांगणारी माणसं आता चालली. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई २०२१ साली गेल्या. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, २०२२ साली गेले. त्या वेळी जो दहा वर्षांचा पोर होता, तो आज नव्वदी ओलांडून गेला आहे. ताराबाई १७६१ साली गेल्या. त्यांच्यावरची कादंबरी आणखी दहा वर्षांनी लिहिली तरी चालेल. संगम माहुलीची समाधी कुठे पळून जात नाही. या म्हाताऱ्या माणसांना मात्र दहा वर्षं नाहीत.

कागदांचंही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली. भाच्याच्या घरातही पाणी होतं. पणजोबांच्या किराणा दुकानाच्या वह्यांची पत्र्याची ट्रंक होती, तिच्यातले खालचे गठ्ठे लगदा झाले. वरच्या चार वह्या तेवढ्या वाचल्या. त्या मोडीत. घरात कुणालाच मोडी येत नाही, म्हणून रद्दीत जायच्या होत्या. त्या मी नातीला द्यायला लावल्या आणि म्हटलं, कादंबरी राहू दे बाजूला, आधी यातलं एक पान मला वाचून दाखव.

मोडीची बाराखडी घेऊन ती दीड महिना बसली. एका सुट्टीत मीही बसले तिच्यासोबत. १९४३ च्या रोजकीर्दीतलं एक पान लागलं. गूळ, हळद, काडेपेटी अशी नोंद होती आणि पुढे 'घासलेट, कंट्रोल'. "आजी, कंट्रोल म्हणजे काय?" झालं! महायुद्ध, टंचाई, रेशन हे सगळं त्या एका शब्दातून निघालं. त्यावर तिने दोन पानं लिहिली. वाक्यं साधी, एकही तळपती तलवार नाही. ताराबाईंच्या चाळीस पानांपेक्षा मला ती दोन पानं जास्त आवडली, कारण त्यातली माहिती तिच्याखेरीज जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

आता भाच्याच्या भीतीचं. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दिवस तसेच आहेत. फोनवर येणाऱ्या निनावी मजकुरालाच लोक इतिहास समजतात आणि त्यावरून हमरीतुमरीवर येतात. पण यावर न लिहिणं हा उपाय नाही. प्रत्येक वाक्यापाशी 'हे मला कुठून कळलं' हे लिहायची सवय लहानपणीच लागली, तर ते मूल कुणाच्या भडकावण्याला सहजासहजी बळी पडणार नाही आणि स्वतःही कुणाला भडकवणार नाही. कोणतं पुस्तक, कुठली वही, कुणाची सांगोवांगी, एवढं लिहायचं. ठाऊक नसेल तिथे 'ठाऊक नाही' लिहायचं. बापाने मुलीला यापेक्षा मोठं संरक्षण ते कोणतं द्यायचं?

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. इतिहासावर घर चालत नाही, हे भाच्याचं म्हणणं बहुतांशी खरं आहे. खरेशास्त्र्यांचं तरी कुठे चाललं? ते चाललं शाळेच्या पगारावर. म्हणून अकरावीला अमुकच शाखा घे, असं मी नातीला सांगितलेलं नाही. तिला गणितही बरं येतं. शाखा कुठलीही घेऊ दे. तिला रविवारचे दोन तास तेवढे द्या, एवढंच मी भाच्याला म्हटलं. जरा कुरकुरला, पण कबूल झाला.

नातेवाईक मंडळींना आता माझी विनंती. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना छंदवर्गाला घालाल, तेव्हा आठवड्यातला एक दिवस राखून ठेवा. घरातल्या, भावकीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ त्यांना वही घेऊन बसवा. माळ्यावरची ट्रंक खाली काढा. जुनी पत्रं, सातबारे, दुकानाच्या वह्या, शाळेचे दाखले, जे निघेल ते टाकून देण्याआधी पोरांना दाखवा. मोडीतलं काही सापडलं आणि कुणालाच लागेना, तर माझ्याकडे पाठवून द्या. चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण सावकाश का होईना, वाचता येतं अजून.